मिश्रीची डबी आणि गोळ्यांचं पाकीट

(र. धों. कर्वे यांच्या स्मरणार्थ हिंगोली येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रघुनाथ धोंडो कर्व्यांच्या स्मरणार्थ बोलायचं तर संततिनियमनावर बोलावं, हे ओघानंच आलं. १९२१ साली त्यांनी मुंबईत गिरगावात संततिनियमनाचं केंद्र काढलं. १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. खटले अंगावर घेतले, आणि १९३४ सालच्या खटल्यात त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले. हे सारं आपल्याला ठाऊक आहे, त्यामुळे मी त्यात रेंगाळत नाही. मला एवढंच नोंदवायचं आहे की कर्व्यांनी गोळी पाहिली नाही. ते १९५३ साली गेले आणि संप्रेरकांच्या पहिल्या गर्भनिरोधक गोळीला अमेरिकेत १९६० साली मान्यता मिळाली. कर्व्यांच्या हातात होती ती साधनं गर्भ राहू द्यायची नाहीत, बस्स. बाईच्या रक्तात मिसळून तिच्या झोपेपर्यंत, भुकेपर्यंत, तल्लफेपर्यंत पोचणारं औषध त्यांच्यासमोर नव्हतं. आज ते आपल्या उपकेंद्राच्या कपाटात आहे, आणि फुकट मिळतं.

त्या तल्लफेबद्दलच मी आज बोलणार आहे. गेल्या काही वर्षांत पाश्चात्त्य देशांतले संशोधक सिगारेट ओढणाऱ्या बायकांना एक प्रश्न विचारू लागले आहेत. गर्भनिरोधक गोळीनं किंवा सुईनं सिगारेट सोडायला मदत होणार असेल, तर तुम्ही ती घ्याल का? प्रश्न वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर सिगारेट ओढणारी बाई आलीच नाही. मी या जिल्ह्यात बायकांवर उपचार करते. माझ्यासमोर आली ती मिश्रीची डबी.

२०१६-१७ च्या प्रौढांमधील तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या शंभर बायकांमागे सुमारे सतरा जणी कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरताना आढळल्या. ओढणाऱ्या शंभरात दीडही नव्हत्या. बाकी सगळा व्यवहार तोंडातल्या तंबाखूचा, आणि त्यात आपल्याकडे बायकांच्या वाट्याला येते ती मुख्यतः मिश्री, कुठं मशेरी म्हणतात. बिडी ओढणाऱ्या बाईकडे गाव वळून पाहतं. मिश्री लावणाऱ्या बाईकडे कोणी पाहत नाही, कारण ती दात घासत असते.

ही मिश्री घरात कशी होते ते सभागृहातल्या पुरुषांनी कदाचित बारकाईनं पाहिलं नसेल. चुलीवर तवा तापवायचा, त्यावर तंबाखू पसरायची, उलथन्यानं हलवत राहायचं. धूर घरभर होतो, ठसका लागतो, लहान लेकरं डोळे चोळत बाहेर पळतात. पान काळंठिक्कर पडून कुरकुरीत झालं की तवा उतरवायचा, हातानं चुरायचं, फडक्यातून गाळायचं, डबीत भरायचं. सकाळी उठल्यावर तर्जनी डबीत बुडवून हिरड्यांवरून फिरवत बसायचं. दहा मिनिटं, कधी अर्धा तास. मग चूळ. दुपारी जेवणानंतर पुन्हा, रात्री निजताना पुन्हा. काही जणी तर मिश्री ओठाआड ठेवूनच कामाला लागतात. निकोटिन हिरडीतून थेट रक्तात जातं, आणि भाजल्यामुळे धुरातल्या कर्करोगकारक द्रव्यांचीही त्यात भर पडते. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेत १९८० च्या दशकातच मशेरीच्या अर्काचे प्रयोग प्राण्यांवर झाले आणि त्यातून तिचा कर्करोगाशी असलेला संबंध पुढं आला. म्हणजे ही गोष्ट कळून आपल्याला चाळीसेक वर्षं होत आली.

गर्भारपणाचं तर त्याहून स्पष्ट आहे. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा माग ठेवला. तो अभ्यास २००४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी होती आणि सरासरी सहा दिवस लवकर जन्मली होती. पुढं याच प्रकल्पातून मृतजन्माचा धोका अडीच पटींहून अधिक असल्याचं दिसलं. आपल्याकडची बाई आधीच रक्तानं कमी असते, नववा महिना लागेपर्यंत हळदीच्या शेतात वाकलेली असते. तिच्या बाळाला १०५ ग्रॅम म्हणजे किती, हे प्रसूतिकक्षात उभ्या असलेल्या प्रत्येकीला कळतं.

आता संप्रेरकांकडे येते. पाळीच्या महिन्यात दोन संप्रेरकांची चढउतार चालते. पाळी येऊन गेल्यावर पहिल्या पंधरवड्यात इस्ट्रोजेन वाढत जातं. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन वर येतं आणि पाळी यायच्या आधी दोन्ही खाली पडतात. निकोटिनमुळे मेंदूत जी सुखाची लहर उठते, ती इस्ट्रोजेन चढलेलं असताना अधिक जोरदार वाटते आणि प्रोजेस्टेरॉन वर असताना काहीशी मंदावते, असं बऱ्याच प्रयोगांतून दिसलं आहे. मिनेसोटा विद्यापीठात शॅरन ॲलन यांनी २००८ साली २०२ बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाळीनंतरच्या पहिल्या टप्प्यात सिगारेट सोडणाऱ्यांपैकी ८६ टक्के जणी महिन्याभरात पुन्हा ओढू लागल्या. दुसऱ्या टप्प्यात सोडणाऱ्यांत हे प्रमाण ६६ टक्के होतं. दोन्ही आकडे मन खट्टू करणारे आहेत, पण त्यांच्यातला फरक मोठा आहे. हे एवढ्यावरच थांबत नाही. निकोटिनची पट्टी लावून सोडणाऱ्यांच्या काही अभ्यासांत नेमकं उलटं चित्र निघालं. म्हणून ‘पाळीच्या अमुक दिवशी मिश्री सोडा’ असा सल्ला मी आज कुणालाही देणार नाही.

आणखी एक धागा यकृताचा आहे. निकोटिनची विल्हेवाट यकृत लावतं. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये ती लवकर लागते, आणि इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्या बायकांमध्ये त्याहूनही लवकर. सॅन फ्रान्सिस्कोच्या नील बेनोविट्झ यांच्या गटानं हे २००६ साली दाखवलं. गरोदरपणात हा वेग आणखी वाढतो. म्हणजे तल्लफ लवकर परत येते. गरोदर बाई ‘आता जास्तच लागतंया’ म्हणते तेव्हा ती लाड करून घेत नसते. तिचं यकृत खरोखर जोरात काम करत असतं.

मग विचार असा पुढं येतो की ही चढउतारच थांबवली तर? गोळी किंवा सुई तेच करते. आपल्या उपकेंद्रातल्या माला-एन गोळीच्या पाकिटात एकवीस संप्रेरकांच्या गोळ्या असतात. प्रत्येकीत ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल आणि ०.०३ मिलिग्रॅम एथिनिल इस्ट्राडायोल. उरलेल्या सात लोहाच्या. ‘अंतरा’ नावाची सुई तीन महिन्यांची, तिच्यात फक्त प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं कृत्रिम द्रव्य. ‘छाया’ नावाच्या गोळीत संप्रेरक नाहीच. ती लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनं शोधलेली, पूर्वी सहेली नावानं बाजारात आलेली. कागदावर सुई चांगली दिसते, कारण तिच्यात इस्ट्रोजेन नाही. पण कृत्रिम द्रव्य म्हणजे बाईच्या शरीरातलं प्रोजेस्टेरॉन नव्हे. मेंदूत गेल्यावर दोघांचं काम सारखंच चालेल असं धरून चालता येत नाही. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांप्रमाणे पस्तीस ओलांडलेल्या आणि दिवसाला पंधरा किंवा जास्त सिगारेटी ओढणाऱ्या बाईला इस्ट्रोजेनयुक्त गोळी द्यायचीच नाही. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका फार वाढतो. ज्या गोळीनं सिगारेट सुटावी अशी आशा, तीच ओढणाऱ्या बाईला घातक. हे निकष धुराबद्दल बोलतात. मिश्रीचं नाव त्यांच्यात नाही. तेव्हा आपल्यापुरता नियम साधा असावा. मिश्री लावणाऱ्या बाईचा रक्तदाब मोजल्याशिवाय गोळीचं पाकीट हातात द्यायचं नाही.

आता मूळ प्रश्न. तंबाखू सोडायला गोळी किंवा सुई आपल्याकडच्या बायका स्वीकारतील का?

दवाखान्यात मला जे ऐकू येतं ते तुम्हांलाही ऐकू येतं. गोळीनं उष्णता होते. अंग भरतं. पिशवीला सूज येते. पुढं दिवस राहत नाहीत. आपण डॉक्टर मंडळी याला ‘गैरसमज’ म्हणून मोकळे होतो आणि भिंतीवर तक्ता लावतो. मला तो शब्द पटत नाही. पहिले दोन-तीन महिने मळमळ होते, ही गोष्ट खरी आहे. सुईनंतर पाळी अनियमित होते, मध्येमध्ये डाग पडतात, हेही खरंच. शेवटच्या सुईनंतर दिवस राहायला कित्येक महिने लागतात, तेही खरं. ज्या घरात पाळीच्या बाईला देवघर आणि स्वयंपाकघर बंद असतं, तिथं वीस दिवस डाग पडत राहणं म्हणजे वीस दिवस सगळ्या घरासमोर झाडाझडती. याला आमच्या पुस्तकात ‘किरकोळ दुष्परिणाम’ म्हणतात. सेनगाव तालुक्यातल्या सुनेच्या आयुष्यात तो किरकोळ नसतो.

आणि अविश्वासाला इतिहास आहे. १९७६ साली याच महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. हैदराबादजवळ पाटणचेरू इथं नेट-एन या सुईच्या चाचणीत बायकांना पुरेशी माहिती दिली जात नसल्याचं समोर आलं आणि १९८६ साली स्त्री संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, त्यावर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. बीड आपल्यापासून लांब नाही. आपल्या जिल्ह्यातल्याही किती तरी जोड्या कोयता घेऊन बाहेर जातात. ‘गोळीनं पिशवी खराब होते’ असं म्हणणाऱ्या बाईच्या ओळखीत तिशीतच पिशवी काढलेली कोणी ना कोणी असते. ती आपल्या अनुभवाचा अर्थ लावत असते.

पण याच बायका संप्रेरकं घेतात! यावर आपण नीट विचार केलेला नाही असं मला वाटतं. महालक्ष्म्या बसायच्या आधी, घरात लग्न असताना, आषाढीला दिंडीत निघताना, औंढ्याला महाशिवरात्रीला जायचं ठरलं की औषधाच्या दुकानात पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या विचारल्या जातात. ती नॉरएथिस्टेरॉन असते, पाच मिलिग्रॅमची, बहुधा दिवसातून तीनदा. माला-एनमधल्या प्रोजेस्टिनच्या मानानं हा डोस कितीतरी मोठा, आणि त्याचा थोडा भाग शरीरात एथिनिल इस्ट्राडायोलमध्ये बदलतो. चिठ्ठी नसते, रक्तदाब कोणी मोजत नाही, मिश्री लावता का असं कोणी विचारत नाही. माला-एन ‘उष्ण पडते’ म्हणून नको म्हणणारी बाई ही गोळी आठवडाभर निमूट घेते.

म्हणजे संप्रेरक नको असं तिचं म्हणणं नाही. ते कशासाठी आणि कोणाच्या सांगण्यावरून घ्यायचं, हा तिचा प्रश्न आहे. पाळी पुढं ढकलायचा निर्णय तिचा असतो, तिला त्या दिवशी देवासमोर उभं राहायचं असतं. (तो रिवाज बरा की वाईट, हा वेगळा वाद आहे. कर्व्यांनी तो नक्की घातला असता.) मुलं बंद करायची गोळी मात्र बहुतेकदा तिच्यापर्यंत दुसऱ्या कुणाच्या उद्दिष्टातून येते, आकडा भरण्यासाठी. बाई ज्या कारणासाठी गोळी घेते ते कारण तिचं स्वतःचं असेल, तर तिची सहनशक्ती वेगळी असते. तंबाखू सोडायला संप्रेरकांची मदत घ्यायची की नाही, हाही असाच प्रश्न आहे. तो लोकसंख्येचा होता कामा नये.

हा प्रश्न मी काही बायकांना विचारला. वसमत भागात हळदीच्या काढणीच्या दिवसांत बायका ओळीनं बसून गड्ड्यांपासून हळकुंडं मोडून वेगळी करत असतात. बोटं पिवळी, नखांत माती, आणि दुपारच्या सुट्टीत त्याच बोटांनी डबी उघडायची. एका बाईनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्याडम, गोळीनं मिश्री सुटंल बी. पर मिश्री लावायला बसले की तेवढा घटकाभर कुणी काम सांगत न्हाई. गोळी खाऊन मी बसू कुठं?” तिच्या शेजारची मुलगी पंचविशीतली होती. ती हसली आणि म्हणाली, “माझं तर आपरेशन झालंय. मी ती गोळी घेतली तर गावात काय काय बोलतील?”

या दोन वाक्यांत जे आहे ते मला कुठल्याही संशोधन-निबंधात सापडलेलं नाही. पहिलीनं सांगितलं की मिश्री ही तिची एकमेव कबूल केलेली विश्रांती आहे. सासू, जाऊ, शेजारीण तिथं येऊन बसतात, चार गोष्टी होतात, आणि त्या वेळेला घरातलं कोणी हरकत घेत नाही. निकोटिनची तल्लफ कमी केली तरी त्या घटकेची गरज कमी होत नाही. दुसरीनं सांगितलं ते आपल्या सगळ्या कुटुंबकल्याण कार्यक्रमाबद्दल आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी जवळजवळ निम्म्या जणींचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं होतं. गोळी घेणाऱ्या अगदी हाताच्या बोटांवर. आपल्याकडे लवकर लग्न, लगोलग दोन-तीन बाळंतपणं आणि पंचविशीच्या आसपास ऑपरेशन हा ठरलेला रस्ता आहे. त्यानंतर तिच्यासाठी गर्भनिरोधक म्हणजे फक्त संशय. नवरा बाहेरगावी असेल तर विचारूच नका. अमेरिकेतल्या बाईला ‘गर्भ टळेल आणि सिगारेटही सुटेल’ असं सांगता येतं. आपल्या या मुलीला त्यातला पहिला फायदा नकोच आहे, आणि दुसऱ्यासाठी तिला चारित्र्याची किंमत मोजावी लागेल.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. मिश्री सोडवण्यासाठी गोळी किंवा सुई द्यावी, असं म्हणण्याइतका पुरावा आज नाही. आहे तो सिगारेटीवरचा, परदेशातला आणि आपसांत भांडणारा. मिश्री लावणाऱ्या बाईच्या संप्रेरकांचा अभ्यास आधी व्हायला हवा, आणि तो हिंगोली, परभणी, नांदेडमध्ये व्हायला हवा, तिची संमती तिच्या भाषेत घेऊन. तोवर जे आत्ता करता येतं ते मात्र आपण करत नाही, आणि त्याचं मला दुःख आहे.

इथं बसलेल्या आशाताईंना हे लगेच कळेल. तुमच्या पिशवीत दोन वेगळे कागद असतात. एक जननक्षम जोडप्यांची नोंदवही. तिच्यात सुनेचं वय, मुलं, साधन, ऑपरेशन. दुसरा तीस वर्षांवरच्या प्रत्येक माणसासाठीचा असंसर्गजन्य आजारांचा तपासणी फॉर्म. त्यात तंबाखूचा प्रश्न आहे, धूम्रपान करता का किंवा गुटखा, खैनीसारखे पदार्थ वापरता का. म्हणजे मुलांबद्दल आपण तिला अठरा-वीस वर्षांची असताना विचारतो आणि पंचविशीला विचारणं थांबवतो. तंबाखूबद्दल तिशीनंतर विचारायला सुरुवात करतो. मिश्री याच मधल्या वर्षांत पक्की होते. पहिल्या बाळंतपणात मळमळ थांबावी म्हणून, दात दुखतो म्हणून, पोट साफ होत नाही म्हणून, उपाशीपोटी शेतात राबताना भूक मरावी म्हणून. आणि कधी कधी गरोदरपणात बाळासाठी नेटानं सोडलेली मिश्री बाळंतिणीच्या खोलीत घरातलीच कोणी मायेनं पुन्हा हातात ठेवते. बाळंतपणानंतर प्रोजेस्टेरॉन एकदम खाली गेलेलं असतं. परदेशात या काळात प्रोजेस्टेरॉन देऊन तंबाखूकडे परत जाणं रोखता येतं का, याचे छोटे प्रयोग झाले आहेत. आपल्याकडे त्या काळात प्रश्न विचारणारंही कोणी नसतं. आशाताई बाळाला बघायला सहा-सात वेळा घरी जातात. वजन करतात, अंगाला हात लावून ऊब बघतात. आईच्या उशाशी डबी असते. ती दिसते, पण तिचा रकाना नाही.

आणि तिशीनंतर फॉर्म पुढं आला तरी त्यात गुटखा आहे, खैनी आहे. आपल्या बाईला विचारलं तर ती खरं तेच सांगते, “न्हाई बाई, मी काय खात न्हाई.” तुम्ही ‘नाही’वर खूण करता. दोघीही खोटं बोललेल्या नसतात.

राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम २००७-०८ पासून चालू आहे. तंबाखू सोडायला मदत करणारा मोफत दूरध्वनी आहे, १८००-११-२३५६. हे सगळं मिश्रीवाल्या बाईपर्यंत पोचायचं असेल, तर आधी तिची मिश्री कागदावर यायला हवी. फॉर्म मुंबई-दिल्लीत छापले जातात, ते बदलतील तेव्हा बदलतील. उद्या सकाळी घरभेटीला निघाल की त्या ओळीत गुटखा, खैनीच्या पुढं पेनानं ‘मिश्री’ लिहा. नव्या सुनेचं नाव जननक्षम जोडप्यांच्या वहीत चढवताना समासात एक शब्द लिहा, लावते की नाही. माला-एनचं पाकीट देताना विचारा. सासू समोर असताना विचारू नका, पाण्याला निघेल तेव्हा तिच्यासोबत चार पावलं चाला आणि तेव्हा विचारा. ती किती वर्षांपासून लावते, पाळीच्या आधीच्या दिवसांत जास्त लागते का, बाळंतपणात सुटली होती का, सोडावीशी वाटते का, आणि त्यासाठी एखादी गोळी असली तर ती स्वतः काय म्हणेल. तिचं उत्तर तिच्याच शब्दांत लिहा. महिन्याच्या बैठकीत त्या नोंदी घेऊन या, मी तिथं असेन.